राजय्या मास्तरांची अर्धी बरणी

राजय्या मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वतः मेलेलो होतो. म्हणजे रंगमंचावर. आमच्या हौशी मंडळाच्या नव्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच मला मरावं लागतं आणि पुढं अर्धा अंक बाकीची मंडळी माझ्या अंगावरून ओलांडून जात इस्टेटीवरून भांडतात. मला हा भाग फार आवडतो, त्याला पाठांतर लागत नाही. तालमीत असा निवांत पडलेलो असताना खिशातला फोन थरथरला. "प्रेतानं हलायचं नाही," दिग्दर्शक ओरडला. मी हललो. पलीकडून मास्तरांचा मुलगा श्रीनिवास बोलत होता, वडिलांना तो तेलुगूत नायना म्हणतो. "काका, नायना गेले. दुपारी चहा मागितला, मी आत जाऊन घेऊन येईपर्यंत..." मी तसाच आडवा राहिलो. उठलो की ते खरं होईल असं काहीतरी वाटत होतं. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं की हा किस्सा मास्तरांना सांगायला पाहिजे. ते चष्मा वर करून म्हणाले असते, "मेलेला माणूस फोन उचलतो व्हय? म्हणून तुला बक्षीस मिळत न्हाई."

आता काही आठवडे झाले आहेत आणि मी लिहायला बसलो आहे. सोलापुरात मास्तरांना चित्रकार म्हणून ओळखणारी माणसं एका रिक्षात मावतील. चादर मात्र त्यांची सगळ्यांनी पांघरलेली आहे. ते चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढत. चौकटीच्या मोठ्या कागदावर मोर, वेल, कोयरी असं एकेक चौकोन भरत न्यायचं, मग त्यावरून पुठ्ठ्याची भोकांची कार्डं पाडायची आणि ती मागावर चढवायची. थंडीत तुम्ही ज्या मोरांच्या जोडीखाली झोपलात, त्यातला एक मोर मास्तरांनी काढलेला असू शकतो. एकच म्हणतो, कारण दुसरा काढावा लागत नाही. ग्राफ अर्ध्या नक्षीचा असतो, उरलेली अर्धी माग उलटी करून आपोआप विणतो आणि दोन मोर समोरासमोर उभे राहतात. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी, आणि हाताला ही अर्ध्याची सवय. ही सवय लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रेल्वे रुळापलीकडं एक जुना बंगला आहे. फार पूर्वी तिथं एक अमेरिकन डॉक्टर आणि त्याची बायको दवाखाना चालवत. मायदेशी परतताना त्यांनी औषधांची कपाटं नेली आणि संसार इथंच ठेवला. बाईच्या माहेरून पेट्या भरून आलेला संसार तो. तिकडच्या खेड्यातल्या कुंभारानं केलेल्या बरण्या आणि ताटं, तुकडे जोडून शिवलेली चांदण्यांची गोधडी, फुलं रंगवलेली लाकडी पेटी. या सगळ्याची राखण मार्थाबाई करतात. त्यांची आई त्या दवाखान्यात नर्स होती, मार्थाबाई तिथंच वाढल्या. राखण म्हणजे काचेत ठेवणं नव्हे. पेटीत तांदूळ असत, ताटात भाकरी असे आणि सगळ्यात देखण्या बरणीत शेंगाचटणी.

मी तिथं पहिल्यांदा गेलो ते सामान मागायला. नाटकात परदेशी दिवाणखाना दाखवायचा होता आणि आमच्याकडं दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. मास्तर आमचे पडदे रंगवून द्यायचे, म्हणून त्यांनाही ओढून नेलं. मी मार्थाबाईंसमोर माझं सगळ्यात मधाळ बोलणं सुरू केलं. त्या ऐकून घेत होत्या आणि मान हलवत होत्या, ती नाही म्हणून. दरम्यान मास्तर गायब. शोधलं तर आतल्या खोलीत पलंगाशेजारी गुडघ्यावर बसले होते, गोधडीच्या चांदण्यांवरून बोट फिरवत. "ह्याचा ग्राफ कुणी काढला असेल रे?" मी म्हटलं, "मास्तर, हाताची शिलाई आहे, ग्राफ कुठला?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी विजेशिवाय यंत्रमाग चालतो असं सांगितलं होतं.

मला दिवाणखाना मिळाला नाही. मास्तरांना मात्र परवानगी मिळाली. "तुमी या मास्तर, काय काढायचं ते काढा," मार्थाबाई म्हणाल्या. "हा नाटकवाला एकटा यायचा न्हाई. नजर पेटीवर हाय त्याची." त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मास्तर सायकलच्या कॅरिअरला पाट, कागद आणि रंग बांधून बंगल्यावर जात. सोबत मी, कारण मला गप्पा आणि चटणी दोन्ही आवडतात.

पहिली वस्तू होती लाल मातीचं ताट. त्यावर कुंभारानं पिवळ्या रंगाच्या नागमोडी रेघा ओढल्या होत्या, ओल्या मातीवर, एका झटक्यात. मास्तर सकाळपासून बसले होते. दुपारी त्यांनी ब्रश धुतला आणि मार्थाबाईंना हाक मारली.

"अक्का, झालं."

मार्थाबाई आल्या, पदराला हात पुसत बघू लागल्या. ताट इतकं हुबेहूब होतं की मला भूक लागली. पण ते बरोब्बर मधोमध संपत होतं. पेन्सिलीची सरळ उभी रेघ आणि पलीकडं कोरा कागद.

"बाकीचं ताट कुटं हाय?"

"ते येतं की," मास्तर म्हणाले.

"कुटनं येतं?"

मास्तरांनी कागदाकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. त्या बंगल्यात माग नव्हता... मी हसून हसून ओट्यावर आडवा झालो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी ताट उचललं, उजेडात धरलं आणि न काढलेली बाजू कितीतरी वेळ बघत राहिले. डावीकडं रेघा दमल्या होत्या. हात घसरला होता, एक रेघ दुसरीला चिकटली होती आणि काठाशी कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा होता. "ही बाजू येगळीच हाय," ते म्हणाले, स्वतःशीच. "आयुष्यभर मी एकीकडचं काढलं. दुसरीकडं असं काय असतं हे बघितलंच न्हाई." मग नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

त्या दिवशी त्यांचे नियम ठरले. जेवढी वस्तू तेवढंच चित्र, बोटभर कमी नाही. समोर असेल तेवढंच काढायचं, आठवून काही नाही. तडा असेल तर तडा, टवका असेल तर टवका. बरणीच्या पोटाला दोरा गुंडाळून माप घेत, खिडकीशी ठेवून ठरावीक उजेडाची वाट बघत. ढग आले की ब्रश खाली. आम्ही नाटकवाले प्रकाश हवा तिथं पाडतो, हा माणूस प्रकाश येईपर्यंत गुपचूप बसायचा. मला ते बघवायचं नाही आणि सोडवायचंही नाही.

जेवढी वस्तू तेवढं चित्र, या नियमाचं खरं स्वरूप गोधडीच्या वेळी कळलं. कागदाला कागद जोडत चित्र पलंगाएवढं झालं आणि मास्तरांच्या घरातली सगळी फरशी त्यानं व्यापली. काही महिने घरची माणसं भिंतीला पाठ लावून, चोरासारखी इकडून तिकडं जात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघराच्या दारातून मला म्हणायच्या, "ही गोधडी पांघरता येत न्हाई, धुता येत न्हाई, वाळत घालता येत न्हाई. हिचं करायचं काय सांग की." छोटा श्रीनिवास तिच्याभोवती फेऱ्या मारत चांदण्या मोजायचा आणि मास्तर मधूनच ओरडायचे, "आगु, आगु..." थांब, थांब. काकूंनी शेवटपर्यंत त्या चित्राला गोधडीच म्हटलं. पावसाळ्यात तिला कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवल्या त्याही त्यांनीच.

मग एकदा मार्थाबाईंच्या हातून ते लाल ताट फुटलं. मास्तर आणि मी गेलो तर त्या तुकडे पदरात घेऊन पायरीवर बसल्या होत्या. आईच्या हातचं गेल्यासारखं झालंय, म्हणाल्या. मास्तर तसेच सायकलवरून घरी गेले आणि ताटाचं पुरं चित्र घेऊन आले. फळीवर जिथं ताट उभं असायचं, तिथंच त्यांनी ते टेकवलं. "हे घ्या अक्का. ह्यात भाकरी न्हाई राहत तेवढंच." तेव्हापासून मार्थाबाई रोज सकाळी भांड्यांबरोबर त्या चित्रावरूनही फडकं फिरवतात. मास्तरांना मिळालेला सगळ्यात मोठा सन्मान हाच, असं मी मानतो.

दुसरा सन्मान होता होता राहिला. मी खटपट करून एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाचं भाषण अर्थातच मी केलं आणि ते लांबलं. पापड-लोणच्यांचे एक व्यापारी आले होते. पेटीवरच्या फुलांसमोर उभे राहून म्हणाले, "मास्तर, ही फुलं आमच्या पाकिटावर घेऊ. ऐट येईल."

"घ्या की," मास्तर म्हणाले. "पण झाकणाला चीर हाय, तीपण घ्यायची."

"चीर कशाला? गिऱ्हाईक म्हणेल माल फुटकाय."

"चिरेबिगर ही पेटी न्हाई. दुसऱ्या कुणाची तरी हाय."

व्यापारी माझ्याकडं वळले. "ह्यांना समजवा की तुमी." मी दोन्ही हात छातीशी जोडून नाटकी नमस्कार केला, कारण एव्हाना मी समजून चुकलो होतो. पाकिटावर पुढं कमळ आलं. मास्तर ते पापड आवडीनं खायचे.

श्रीनिवास मोठा झाला आणि तोही नक्षीकामातच गेला, पण कॉम्प्युटरवर. टॉवेलांची डिझाईन करतो, हुशार आहे. बापलेकांचं भांडण म्हणजे मला फुकटचं नाटक असे. "नायना, तुम्ही महिना घालवता ते मी एका क्लिकमध्ये करतो. अर्धं काढायचं, मिरर मारायचं, झालं." मास्तर म्हणत, "टॉवेलाला मार. टॉवेलाला कोण मागनं बघतंय." श्रीनिवास मला डोळा मारायचा. पण बापाचं काम कधी त्याच्याही मनात शिरलं असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आणि मास्तरांनाही नाही. तो ब्रशला हात लावत नाही ही एकच गोष्ट ते बोलून दाखवायचे, तीही मी एकटा असताना.

असं करत बंगल्यातली प्रत्येक वस्तू कागदावर आली. राहिली फक्त चटणीची बरणी. करडी, अंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे आणि त्यावर निळ्या रंगात एक जाडजूड पक्षी, दोन-चार फटकाऱ्यांत काढलेला. ती राहण्याचं कारण एवढंच की ती कधी रिकामी नसायची. भरलेल्या बरणीचं तोंड फडक्यानं बांधलेलं, काठ दिसत नाही. शिवाय जड, सारखी खिडकीशी नेता येत नाही. मी म्हटलं, "मास्तर, बांधलेलं फडकंच काढा, तेवढंच नवीन." ते म्हणाले, "तू उपाशी असताना बसतोस तसा जेवल्यावर बसतोस का? भरलेली बरणी येगळी बसते." आणि मार्थाबाई बरणी रिकामी ठेवायला तयार नसत. तळ दिसायला लागला की शेंगा भाजायला घेत.

गेल्या वर्षी निरोप आला की त्या अमेरिकन जोडप्याची नात एलन येणार आहे आणि आजीच्या वस्तू घेऊन जाणार आहे. मार्थाबाई दोन दिवस त्याच त्या वस्तू पुसत राहिल्या. मास्तरांनी मात्र मला बोलावून घेतलं. डोळे अधू झाले होते, उठताना भिंत धरावी लागत होती, पण आवाज खणखणीत. "बरणी जायच्या आधी काढायची. तेवढं झालं की माझं काम पुरं. अक्काला सांग, ह्या वेळी भरू नको."

मार्थाबाईंनी बरणी धुऊन, उन्हात वाळवून खिडकीशी ठेवली. मास्तर आता सायकलवर येत नव्हते, श्रीनिवास त्यांना गाडीवरून सोडायचा आणि कामावर जायचा. त्यांनी शेपटीकडून सुरुवात केली. मी विचारलं, डोकं आधी का नाही? "डोकं काढलं की तो बघायला लागतो. मग मला काम करू देत न्हाई." हळूहळू उजवीकडची कड उभी राहिली, मग बरणीचा धरायचा कान, मग पक्ष्याची निळी पिसं. हात थरथरत होता पण कागदाला टेकला की थांबायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि कुठल्याही नटाचा असा प्रवेश मी पाहिलेला नाही. मास्तर पक्ष्याच्या पाठीपर्यंत आले आणि आजारी पडले.

आजारात जिभेची चव गेली. काहीच गिळेना. मग एका सकाळी श्रीनिवासला म्हणाले, बंगल्यावरची चटणी पाहिजे, त्या बरणीतली. दुसऱ्या डब्यातली दिली तर ओळखली. शेवटी त्यांनीच मार्थाबाईंना निरोप धाडला, "अक्का, बरणी भरा. मी उठलो की संपवू." मार्थाबाईंनी गळ्यापर्यंत भरली. मऊ भातावर चिमूटभर चटणी घालून मास्तर चार घास खायला लागले. आमची शेवटची भेट तेव्हाचीच. उशीला टेकून बसले होते, ओठाला तिखट लागलेलं. मी म्हटलं, "मास्तर, तुम्हीच अडचण करून ठेवली. आता बरणी रिकामी कधी व्हायची?" ते हसले. "तू हाईस की खायला. लवकर संपीव. डोकं राहिलंय त्याचं."

ते गेल्यानंतर दोन आठवड्यांनी एलन आली. उंच, हसरी, मास्तरांच्याच वयाकडं झुकलेली बाई. मी दुभाषा झालो आणि कबूल करतो, भूमिका रंगवली. तिनं चित्रं बघितली, फळीवरचं ताटाचं चित्र बघितलं, फडक्याची गोष्ट ऐकली आणि बराच वेळ नाक पुसत राहिली. पेटी गेली, गोधडी गेली. मग तिनं बरणीकडं हात केला. मार्थाबाई पुढं झाल्या.

"तिला सांग, त्यात चटणी हाय."

मी सांगितलं. एलन म्हणाली, चटणी दुसऱ्या भांड्यात काढता येईल की. मी ते मार्थाबाईंना सांगितलं. मार्थाबाई जागच्या हलल्या नाहीत. "तिला सांग, त्यात चटणी हाय." तेच वाक्य, तोच आवाज. मी ते पुन्हा सांगितलं, जरा करुण सूर लावून. एलननं एकदा मार्थाबाईंकडं बघितलं, एकदा भिंतीला टेकवलेल्या अर्ध्या चित्राकडं. मग बोटावर चटणी घेऊन चाखली, डोळ्यांतून धार लागली, पाणी प्याली आणि म्हणाली, ही राहू दे. ही आता माझ्या आजीची राहिलेली नाही. याचं भाषांतर करताना माझा आवाज खरोखरच बसला आणि एकदा तरी अभिनय न करता मी टाळी मिळवली असती.

बरणी राहिली. पण चित्र अर्धंच होतं.

मागच्या आठवड्यात श्रीनिवास माझ्या किराणा दुकानी आला. लॅपटॉप काउंटरवर ठेवला. बापाच्या अर्ध्या चित्राचा फोटो काढून त्यानं ते कॉम्प्युटरवर घेतलं होतं. म्हणाला, "वाटलं, नायनांचं शेवटचं काम पुरं करावं. एकच तर क्लिक आहे." आणि त्यानं पडदा माझ्याकडं वळवला. बरणी पुरी झाली होती, दोन्हीकडून अगदी सारखी. तिच्यावर एक पक्षी होता. त्याला दोन शेपट्या होत्या आणि डोकं नव्हतं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आधी कोण हसलं सांगता येणार नाही. गिऱ्हाईक आलं ते घाबरून परत गेलं. हसता हसता श्रीनिवासनं डोळे पुसले आणि ते पुसणं थांबेना. मग म्हणाला, "काका, त्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे? मी इतकी वर्षं चटणी खातोय, मला आठवत नाही." मलाही आठवेना. आम्ही दुकान बंद करून बंगल्यावर गेलो आणि बरणी फिरवली. पक्ष्यानं मान मागं वळवलेली आहे. पुढं जाता जाता तो स्वतःच्या शेपटीकडं बघतोय.

श्रीनिवास दुसऱ्या दिवशी आला तो बापाचा पाट, ब्रश आणि तो कागद घेऊन. त्यानं बरणीच्या पोटाला दोरा गुंडाळून माप घेतलं. मग फडक्याची गाठ सोडून आत बघितलं. "भरलेली आहे."

"मग काय रिकामी ठिवू?" मार्थाबाई म्हणाल्या. "मास्तरनी भरायला लावलीया ती. ओतून देऊ व्हय?"

ओतायची नाही हे सगळ्यांनाच मान्य होतं. दुसऱ्या भांड्यात काढायचीही नाही, ते तर मार्थाबाईंनी अमेरिकेला ऐकवलं होतं. तेव्हा आता रोज दुपारी आम्ही बंगल्यावर जमतो. मार्थाबाई भाकऱ्या थापतात, काकू घरून दही पाठवतात, आमच्या मंडळाचे नटही तालमीआधी येऊन हातभार लावतात. माझ्या पोटाची तक्रार आहे, पण मास्तरांनी मला सांगितलेलं शेवटचं काम हेच आहे आणि एवढी सोपी भूमिका मला कधी मिळाली नव्हती. श्रीनिवास जेवतो कमी. जुन्या कागदांवर पक्ष्याचं डोकं काढून बघत बसतो. पहिलं कोंबडीसारखं आलं, नंतरची बरी आहेत.

काल मी आणखी एक भाकरी मागितली तर मार्थाबाई म्हणाल्या, "ए नाटकवाल्या, हळू खा की. कुटं गाडी चुकतीया?" श्रीनिवासनं बरणी कलती करून आत डोकावलं. "बोटभर राहिली," म्हणाला. मग खिडकीशी जाऊन बापाचा पाट मांडला, ब्रश पाण्यात बुडवून ठेवला आणि उजेड कुठवर येतो ते बघत बसला. मी चटणीला हात घातला.